अरे, आवाज कुणाचा? सायलेन्सरचा!

‘आरटीओ अप्रूव्ह्ड आहे भावा, बिनधास्त लाव,’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या सायलेन्सरबद्दल कायदा नेमकं काय म्हणतो? पैसे मोजण्याआधी एकदा समजून घ्या.

गाड्यांच्या ॲक्सेसरीज मिळतात अशा तुमच्या शहरातल्या कुठल्याही गल्लीत जा. दुकानाबाहेर रांगेत टांगलेले चकचकीत सायलेन्सर दिसतील. त्यांची नावंही भारी असतात. इंदोरी, पंजाबी, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, डॉल्फिन. तुम्ही हळूच विचारता, “दादा, पोलिस पकडणार नाहीत ना?” काउंटरमागचा दादा हसतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, “आरटीओ अप्रूव्ह्ड आहे.” त्या एका वाक्यावर दोन-तीन महिन्यांचा पॉकेटमनी गल्ल्यात जमा होतो. कंपनीचा सायलेन्सर निघतो, नवा लागतो आणि गल्लीतून बाहेर पडताना पहिली रेस मारली जाते.

पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. चौकात शिट्टी वाजते, गाडी बाजूला घ्यायला सांगतात. तुम्ही म्हणता, “साहेब, अप्रूव्ह्ड आहे.” साहेब म्हणतात, “कागद दाखव.” आणि कागद कुणाकडेच नसतो, तुमच्याकडेही नाही आणि त्या दादाकडेही नाही.

मग खरं काय? बाहेरून घेतलेला प्रत्येक सायलेन्सर बेकायदा असतो का? की आवाज मर्यादेत असेल तर चालतं? आणि ती मर्यादा मोजायची कुठून आणि कशी? या प्रश्नांची उत्तरं दुकानातल्या एका वाक्यात बसणारी नाहीत, पण फार अवघडही नाहीत.

सायलेन्सर असतो कशाला?

इंजिनमध्ये पेट्रोल जळतं म्हणजे दर वेळी एक छोटा स्फोट होतो. जळलेले वायू प्रचंड दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतात. ते तसेच बाहेर सोडले तर गाडी फटाक्यांच्या माळेसारखी वाजेल. सायलेन्सरमध्ये या वायूंना वेगवेगळ्या कप्प्यांतून, वळणांतून आणि भोकं पाडलेल्या नळ्यांतून फिरवलं जातं. काही लाटा एकमेकींवर आपटून विरतात, काही आतल्या काचलोकरीसारख्या भरावात शोषल्या जातात. शेवटी बाहेर पडतो तो दमलेला, शांत झालेला धूर.

आफ्टरमार्केट सायलेन्सरमध्ये यातलंच काहीतरी कमी केलेलं असतं. कप्पे काढलेले असतात, नळी सरळ केलेली असते किंवा भराव नावापुरता असतो. कारवाले तर थेट मफलर कापून सरळ पाइप टाकतात. थोडक्यात, ज्या वस्तूचं नाव सायलेन्सर आहे, तिच्यातलं सायलेन्स काढून टाकण्याचे आपण पैसे देतो.

आणखी एक गोष्ट. बीएस-६ गाड्यांमध्ये एक्झॉस्ट म्हणजे नुसता पाइप राहिलेला नाही. त्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवायला मदत करणारा ऑक्सिजन सेन्सर असतो. पूर्ण सिस्टिम बदलताना कन्व्हर्टरच निघाला, तर प्रश्न फक्त आवाजाचा राहत नाही, प्रदूषणाचाही होतो.

नियमात लिहिलंय काय?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० हा थेट सायलेन्सरवरच आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, प्रत्येक मोटार वाहनाला एक्झॉस्टचा आवाज शक्य तितका कमी करणारं साधन, म्हणजे सायलेन्सर, असलाच पाहिजे. दुसरी, वाहन ठरवून दिलेल्या आवाजाच्या मानकात बसेल असं बनवलेलं हवं आणि तसंच राखलेलंही हवं.

हा ‘राखलेलं’ शब्द लक्षात ठेवा. आवाजाची जबाबदारी गाडी शोरूममधून बाहेर पडली की संपत नाही. कंपनीने गाडी मर्यादेत बनवून दिली, आता ती मर्यादेत ठेवणं हे तुमचं काम.

ही मानकं पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या परिशिष्टात आहेत. दुचाकींसाठी इंजिनच्या सीसीनुसार तीन टप्पे आहेत. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल. साध्या प्रवासी कारसाठी मर्यादा दुचाकीपेक्षा कडक आहे, ७४ डेसिबल.

इथे कुणीतरी म्हणेल, “ऐंशी आणि नव्वद, दहाचाच तर फरक आहे!” पण डेसिबलचं गणित आपल्या मार्कशीटसारखं सरळ चालत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते. कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ८० डेसिबलच्या दहा गाड्या एकाच वेळी, एकाच अंतरावरून गेल्या, तर जितका आवाज होईल तितका ९० डेसिबलची तुमची एकटी गाडी करते. रात्री अकरा वाजता सोसायटीच्या गेटमधून तुम्ही एकटे येत नाही, दहा जण घेऊन येता!

फोनमधलं ॲप काय सांगतं?

आता खरी गंमत. हे ८० डेसिबल मोजायचे कुठून? बहुतेक जण फोनमध्ये साउंड मीटरचं ॲप टाकतात, सायलेन्सरपाशी धरतात आणि आकडा बघून एक तर घाबरतात किंवा खूश होतात. दोन्ही चूक.

वरच्या मर्यादा ‘पास-बाय’ चाचणीच्या आहेत. मोकळ्या ट्रॅकवर, जिथे आजूबाजूला आवाज परत फिरवणाऱ्या भिंती नसतात, तिथे गाडी ठरावीक वेगात येते. मायक्रोफोनच्या रेषेच्या १० मीटर आधी थ्रॉटल पूर्ण उघडला जातो आणि पलीकडे १० मीटर जाईपर्यंत तसाच ठेवला जातो. मायक्रोफोन असतो गाडीच्या मार्गापासून ७.५ मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर. त्या धावेत जो सर्वात मोठा आवाज नोंदवला जातो, तो गाडीचा आकडा.

मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ७.५ मीटरवरचा आवाज अर्ध्या मीटरवर येऊन मोजला तर नुसत्या अंतरामुळे वीसहून जास्त डेसिबलचा फरक पडू शकतो. म्हणून कंपनीचा सायलेन्सर असलेली गाडीही जवळून मोजली तर ८० च्या वर जाऊ शकते. याचा अर्थ ती बेकायदा आहे असा नाही. उलट, तुमचा मित्र रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ॲपवर ७८ दाखवत असेल, तर त्यानेही गाडी कायद्यात बसत नाही.

उभ्या गाडीचा आवाज मोजायची वेगळी पद्धत आहे. त्यात मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात ठेवतात आणि इंजिन ठरावीक आरपीएमवर नेतात. पण त्या आकड्याची तुलना पास-बायच्या ८० शी करायची नसते. दोन वेगळ्या परीक्षा, दोन वेगळे पेपर.

आता तुमच्या गाडीचा खरा आकडा कुठे मिळेल? घरातल्या फाइलमध्ये शोधा. गाडी घेताना शोरूमच्या कागदांत ‘फॉर्म २२’ नावाचं एक पान असतं. १ एप्रिल २०१७ पासूनच्या सुधारित नमुन्यात कंपनीला धुरातल्या घटकांसोबत हॉर्नचा आणि पास-बायचा आवाजही लिहून द्यावा लागतो. कंपनीने चाचणीत मिळवलेला तुमच्या मॉडेलचा आकडा तिथे आहे. नवा सायलेन्सर विकणाऱ्या दादाकडे असा एखादा कागद आहे का, हे विचारून बघा.

पकडलं तर कोणतं कलम?

चौकात ‘सायलेन्सरचं चलान’ म्हणून एकच गोष्ट ऐकू येत असली, तरी मोटार वाहन कायद्यात यासाठी एकाहून जास्त दारं आहेत.

सगळ्यात जड कलम आहे १९०(२). आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानकं मोडणारं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवलं, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. २०१९ च्या दुरुस्तीआधी इथे पहिल्या गुन्ह्याला दंड एक हजार होता, यावरून किती फरक पडला ते कळेल. या कलमाची भाषा नीट वाचा. जो चालवतो तो तर आलाच, पण जो चालवू देतो तोही यात येतो. म्हणजे “गाडी मित्राची आहे” किंवा “मी नव्हतो, मित्राने नेली होती” ही दोन्ही वाक्यं कामाची नाहीत.

दुसरं कलम १८२-अ(४). कायद्यात परवानगी नसलेला बदल मालकाने गाडीत केला, त्यात सुटे भाग बसवणंही आलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

तिसरं १९४-फ. सायलेन्सरला बगल देऊन धूर थेट बाहेर सोडणारा ‘कट-आउट’ वापरला तर पहिल्यांदा एक हजार, दुसऱ्यांदा दोन हजार.

जागेवर तडजोडीने भरायच्या दंडाची रक्कम राज्य सरकार ठरवतं, म्हणून चलानवर दिसणारा आकडा यापेक्षा कमी असू शकतो. पण प्रकरण कोर्टात गेलं की कायद्यातली पूर्ण शिक्षा समोर असते.

आणि कलम ५२? गाडीतल्या बदलांबद्दल सगळ्यात जास्त नाव याचंच घेतलं जातं. आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल करू नये, असं ते सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं. पण तो वाद गाडीच्या बांधणीतल्या बदलांचा होता आणि कलमातच ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल, असं स्पष्टीकरण आहे. आरसीवर रंग, सीसी, सीट यांची नोंद असते, सायलेन्सरची नसते. त्यामुळे नुसता सायलेन्सर बदलणं कलम ५२ मध्ये बसतं का, यावर वकील वाद घालू शकतात. पण त्या वादाने तुमची सुटका होत नाही. कारण नियम १२० आणि कलम १९०(२) आरसीवर काय लिहिलंय ते विचारतच नाहीत, ते फक्त आवाज विचारतात.

मग एकही बाहेरचा सायलेन्सर चालत नाही?

सरळ उत्तर असं : सायलेन्सर कोणत्या ब्रँडचा आहे, याच्याशी आवाजाच्या नियमाला देणंघेणं नाही. गाडी मर्यादेत राहते का, एवढंच महत्त्वाचं. सायलेन्सर सडला म्हणून तुम्ही कंपनीचाच किंवा त्याच दर्जाचा, तितकाच शांत सायलेन्सर बसवला, तर आवाजाचं मानक मोडत नाही. म्हणजे आफ्टरमार्केट आणि कायदेशीर या दोन गोष्टी एकत्र असणं अशक्य नाही.

अडचण आहे ती सिद्ध करण्याची. तुमच्या मॉडेलवर तो पाइप लावून ठरलेल्या पद्धतीने चाचणी झाली पाहिजे. पुण्यात वेताळ टेकडीला आपण ज्या संस्थेमुळे ‘एआरएआय टेकडी’ म्हणतो, ती एआरएआय हेच काम करते. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. सूर्यास्त बघायला तुम्ही जिथे चढून जाता, त्याच टेकडीवर गाड्यांची परीक्षा होते! पण गल्लीतल्या फॅब्रिकेटरने वेल्डिंग मारून बनवलेला पाइप ही परीक्षा देऊन आलेला नसतो. आणि मुळात तो विकलाच जातो तो आवाज वाढवतो म्हणून. ज्याचा आवाज कंपनीइतकाच आहे, त्यासाठी जास्तीचे पैसे कोण देईल?

दुकानातली वाक्यं, एकेक करून

*“आरटीओ अप्रूव्ह्ड आहे.”* आरटीओ गाडीची नोंदणी करतं, दुकानातल्या सुट्या पाइपवर शिक्का मारत बसत नाही. अप्रूव्हल असेल तर चाचणी संस्थेचा अहवाल मागा, तोही तुमच्या मॉडेलसाठीचा.

*“इंपोर्टेड आहे, ‘ई’ मार्क बघ.”* ‘ई’ ची खूण खरी असेल, तर तो पाइप युरोपातल्या नियमांनुसार एखाद्या विशिष्ट मॉडेलसाठी मंजूर झालेला असतो. ही खूण नसण्यापेक्षा बरी, पण ती तुमच्या गाडीसाठीचं भारतातलं प्रमाणपत्र नाही. आणि पाइपवर दोन अक्षरं कोरायला फार काही लागत नाही, हेही लक्षात घ्या.

*“डीबी किलर आहे ना आत.”* हा तोंडाशी बसवायचा छोटा तुकडा, एका बोल्टवर काढता येणारा. तो असेपर्यंत आवाज कमी होतो. पण पहिल्याच आठवड्यात तो कुठल्या ड्रॉवरमध्ये जातो, हे तुम्हाला माहीत आहे.

*“खोक्यावर फक्त रेसिंगसाठी असं लिहिलंय, ते नुसतं लिहायला.”* नाही, ते लिहिण्यामागे कारण आहे. उत्पादकाने रस्त्यावरची जबाबदारी आपल्या अंगावरून काढून तुमच्या अंगावर टाकलेली आहे. बंद ट्रॅकवर तो पाइप खुशाल लावा. कलम १९०(२) सुरू होतं ते सार्वजनिक ठिकाणी.

*“पीयूसी पास आहे.”* पीयूसीत धूर तपासतात. आवाज तिथे मोजतच नाहीत.

*“पॉवर वाढते.”* इंजिन, पाइप आणि इंधनाचं गणित कंपनीने एकमेकांशी जुळवलेलं असतं. नुसतं शेवटचं टोक बदलल्याने सिग्नलवर जाणवेल असा फरक पडत नाही. बऱ्याचदा वाढतो तो आवाज आणि आवाजामुळे वाटणारा वेग.

*“मोठा आवाज असला की ट्रकवाल्याला कळतं, अपघात टळतो.”* एक्झॉस्टचं तोंड मागे असतं, धोका बहुतेकदा पुढून किंवा बाजूने येतो. काचा वर करून एसी आणि गाणी लावलेल्या ड्रायव्हरला तुम्ही जवळ येईपर्यंत काही ऐकू जात नाही. सुरक्षेसाठी खर्चच करायचा असेल तर चांगलं हेल्मेट, चांगले टायर आणि आरसे. हो, तेच आरसे, जे स्टाइलसाठी काढून ठेवलेत.

राहिला प्रश्न ‘फटाक्यां’चा. चालत्या गाडीत इग्निशन बंद-चालू करून न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटवायचं आणि धडाम आवाज काढायचा. यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते आणि त्या किमतीत दुसरे दोन सायलेन्सर येतील. शेजारून चाललेला स्कूटीवाला दचकून पडला तर त्याचा हिशेब वेगळाच.

पोलिसांनाही एक प्रश्न

एकतर्फी बोलून चालणार नाही. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी मोहिमा काढल्या, जप्त केलेले सायलेन्सर ओळीत मांडून त्यावर रोडरोलर फिरवला, ते व्हिडिओ तुम्हीही शेअर केले असतील. जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मॉडिफाइड सायलेन्सरच्या आवाजाची स्वतःहून दखल घेतली होती, म्हणजे त्रास फक्त आपल्याकडचा नाही.

पण चौकात पास-बाय चाचणी घेता येत नाही. तिथे बरंचसं ठरतं ते नजरेने आणि कानाने. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचा कंपनीचा आवाजही भारदस्त असतो आणि अशा वेळी मूळ सायलेन्सर असलेल्यालाही थांबवलं जाऊ शकतं. तुमचा सायलेन्सर कंपनीचा असेल तर वाद घालू नका, पण गप्पही बसू नका. सायलेन्सरवरचा कंपनीचा छाप दाखवा, सर्व्हिसचं बिल आणि फॉर्म २२ चा फोटो फोनमध्ये ठेवा, चलान कोणत्या कलमाखाली आहे ते नम्रपणे विचारा. पटलं नाही तर कोर्टात बाजू मांडण्याचा मार्ग उघडा असतो. आवाजाचा कायदा आकड्यांवर उभा आहे, त्यामुळे त्याची अंमलबजावणीही आकड्यांवर व्हावी, ही मागणी करण्यात काहीच गैर नाही. ती मागणी करायला आधी स्वतःची गाडी मात्र स्वच्छ हवी.

पलीकडच्या खिडकीत कोण आहे?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी सरासरी पातळी ठरवलेली आहे. रुग्णालय, कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. हे आकडे एकट्या गाडीला लावायचे नसतात. पण आसपास किती शांतता अपेक्षित आहे, याचा अंदाज त्यातून येतो. त्या शांततेत तुमची गाडी जाते सात-आठ सेकंदांत. त्या सात-आठ सेकंदांत नुकतंच झोपलेलं तान्हं बाळ उठतं, नाइट शिफ्ट करून आलेला कुणी दचकतो, ऑपरेशन करून घरी आणलेल्या आजोबांच्या छातीत धडधडतं. ते तुम्हाला दिसत नाहीत, कारण तोपर्यंत तुम्ही पुढच्या चौकात असता.

एकांकिका स्पर्धेत ‘अरे, आवाज कुणाचा?’ ओरडताना आपण कॉलेजचं नाव अभिमानाने घेतो. तो आवाज घशातून येतो, मेहनत करून कमावलेला असतो आणि समोर बसलेले लोक तो ऐकायलाच आलेले असतात. सायलेन्सरच्या बाबतीत यातलं काहीच नसतं.

आता काय करायचं?

सायलेन्सर बदलायचा विचार असेल तर आधी चाचणीचा कागद मागा, नाही मिळाला तर खिशात हात घालू नका. आधीच बदललेला असेल तर मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, परत बसवा. विकून टाकला असेल तर सर्व्हिस सेंटरमधून तोच पार्ट मागवा. सेकंड हँड गाडी घेताना टायर आणि किलोमीटरइतकंच लक्ष एक्झॉस्टकडे द्या, कारण आरसी तुमच्या नावावर झाली की आधीच्या मालकाचा शौकही तुमच्याच नावावर होतो. वॉरंटी आणि इन्शुरन्सचे कागद वाचा. कंपनीला न कळवता केलेले बदल नेमके क्लेमच्या वेळी आठवले जातात. आणि मित्राची गाडी न्यायची असेल तर किल्ली घेण्याआधी एकदा ती स्टार्ट करून ऐका. तीन महिने लायसन्स गेलं तर इंटर्नशिपला बसने जावं लागेल, मित्र सोडायला येणार नाही.